पितळेच्या गंजातली चटणी

मोबाइलवरची बाई म्हणाली, "रात्रभर मुरू द्या, खरी चव दुसऱ्या दिवशी येते," आणि मी ऐकलं. इटलीकडची आंबटगोड चटणी होती ती. वांगी, टमाटे, मनुका, साखर, व्हिनेगर. ऑलिव्ह मालेगावात कुठलं मिळायला, मी करवंदाचं लोणचं घातलं. लग्नाला दोनच महिने झालेले, आणि शिकलेल्या सुनेला फक्त चहा येतो हे गल्लीनं ठरवून टाकलं होतं. मला सगळ्यांची जिरवायची होती.

माझ्या सासूबाई, चतुराबाई, पहाटे लाइट नसताना चटणी डब्यात भरून सोयाबीनच्या निंदणाला गेल्या. सोबत पाच बाया. दहा वाजता मी चटणीचा रिकामा गंज, ते मोठं पातेलं, घासायला घेतला, तर आत हिरवं कडं. गंज पितळेचा, कल्हई कधीच उडालेली. आणि मी त्यात रात्रभर आंबट ठेवलं! माझी आजी पितळेत ताकसुद्धा ठेवू द्यायची नाही. कळकतं, विष होतं म्हणायची. दीडशहाणी मी.

सासूबाईंकडे फोन नाही. मी चिखलातून धावत सुटले. सहा बाया, त्यात शेजारच्या रेणूला सातवा महिना.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पोचले तर बाया जेवून हसत होत्या. रेणू ओरडली, "तुही सासू लय हावरट वं वैभवी! आमाले बोटभर चाखू नाही देल्लं!"

माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. सासूबाई लिंबाच्या झाडाआड पोट धरून बसल्या होत्या. डबा पुसून साफ.

"आई, चटणी कळकली होती!"

"पह्यल्याच घासाले समजलं मले."

"मग खाल्ली कशाला?"

"टाकली असती तं ह्या बायाइनं जलमभर तुले नावं ठेवली असती."

एवढं बोलून त्या वाकल्या आणि ओकल्या. पुन्हा ओकल्या. हात गार पडले होते.

ऑटोत मालेगावच्या दवाखान्याकडे निघालो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी देवाला नवस बोलत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"डाक्टरले खरं सांग," त्या कशाबशा म्हणाल्या. "गल्लीत सांगजो, बुढी हावरट हाय, लय खाल्लं."

मी हो म्हटलं. पुढच्या खड्ड्यात ऑटो आदळला आणि त्यांची पकड सैल पडली. मग मी त्यांचं मनगट धरलं, आणि दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.