भोपळ्याचं वजन

भाच्याने कुत्र्याच्या पिल्लाच्या खाण्याची पिशवी आणली आणि मागचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा आत्याने कपाळाला हात लावला. म्हणे, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांसाठी! एवढं निवडायला हा शहाणा अर्धा दिवस दुकानात उभा होता. वाचून पोट भरत असतं, तर वाचनालयात लोक लठ्ठ झाले असते.

आत्याचा जन्म प्रसूतिगृहात गेला होता, परिचारिका म्हणून. तिचं शास्त्र एका ओळीचं होतं: वजन वाढलं की बाळ बरं. जिच्या बाळाचं वजन भरायचं नाही, तिची खैर नसे. "शिकलेली ना गं तू?" एवढंच आत्या म्हणायची. ती पोरगी मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करत बसायची. उलट उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती, आणि आत्याला त्याचा अभिमान होता.

अशा बाईसमोर हा भाचा वाटीने दाणे मोजत होता. भाचेसून त्याच्याहून वरताण. पिल्लू कितीही आशेने बघो, मोजल्या वाटीच्या वर एक दाणा नाही.

"आत्या, ही पिल्लं सावकाश वाढलेली बरी. हाडांवर भार येतो," भाचेसून म्हणाली.

"मग उपाशीच ठेवा की. वाढायलाच नको!"

दोघं कामावर गेली की आत्या कपाटातून कॅल्शियमच्या पावडरचा डबा काढायची, कोमट दुधात कालवायची आणि पिल्लासमोर ठेवायची. ते बशीसकट चाटायचं. आत्याने त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं. त्याच्यावर तिचा जीव होता, तेवढा घरातल्या दोन दीडशहाण्यांवर नव्हता. त्याला उचलून ती वजनकाट्यावर उभी राहायची, मग एकटी उभी राहायची आणि वजाबाकी करून खूश व्हायची.

"पिशवी लागू पडली बरं का," भाचा एकदा म्हणाला.

श्रेय घ्यायला पुढे! आत्याने तोंडात आलेलं हसू गिळलं.

मग एका सकाळी भोपळ्या उठेना. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते, सांध्यांवर गाठी आल्या होत्या. तिघंही त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई भाचेसुनेच्या वयाची होती. 'ही काय तपासणार!' आत्या मनात म्हणाली. बाईंनी सांधा दाबला, तसा भोपळ्या कळवळला आणि आत्याचंच काळीज हाललं.

"खाणं बरोबर निवडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यावर दूध, कॅल्शियम, काही देता का? तसं असेल तर ते बंद करू. अजून लहान आहे, पाय सुधारतील. पण वरून काहीच नसेल, तर दोष हाडातच आहे. मग ऑपरेशनचं बघावं लागेल."

"काहीच देत नाही," भाचा म्हणाला. "आत्या नर्स होती, दिवसभर घरी असते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

आत्याने भोपळ्याकडे पाहिलं. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती. घरी जाऊन डबा केरात टाकला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तोवर या बिचाऱ्याचे पाय कापायला निघाले असते. टेबलावरून तो तिच्याकडेच सरकत होता, लंगडत, शेपटी हलवत. दुसऱ्या कुणाकडे त्याने बघितलंही नाही.

"मी देते," आत्या म्हणाली. "कॅल्शियम. दुधातून. रोज."

भाचेसुनेने खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"नर्स होतात ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "शिकलेल्या ना?"

आत्याने मान खाली घातली आणि भोपळ्याच्या गळ्यातला पट्टा सारखा करू लागली. पट्टा नीटच होता.