मापाची मेणबत्ती

ज्या सकाळी मेणबत्ती पेटवली, त्या सकाळी ईडाचा ताप उतरला आणि ती पाऊण हाताने बुटकी होऊन उठली.

तिच्या आईला, ओडिलाला, नवल वाटलं नाही. वाटली ती लाज. त्या डोंगरातल्या गावाची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पोर आजारी पडलं की त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत सुताने मापायचं, त्या सुताची वात करायची आणि तेवढ्याच उंचीची मेणबत्ती चर्चमध्ये झऱ्याच्या बाईपुढे लावायची. ही झऱ्याची बाई म्हणजे गावची संत, हातभर उंचीची, धुराने काळवंडलेली लाकडी मूर्ती. क्रूस गावात यायच्या आधीपासून ती झऱ्यापाशी होती, असं म्हातारे सांगत, पण पाद्र्याच्या देखत सांगत नसत.

ओडिलाने लेकीला मापलं ते झोपेत. सात दिवसांच्या तापानंतर पोरीचा पहिल्यांदा डोळा लागला होता. गुडघे पोटाशी घेऊन ती मुटकुळं करून पडली होती आणि तिला उठवणं ओडिलाच्या जिवावर आलं. मग जशी होती तशीच मापली. अडीच हातांची मुलगी सुतावर पावणेदोन हात भरली.

“पाय सरळ करून मापायचं होतंस,” मेणबत्त्या ओतणारा म्हातारा बेर्नो म्हणाला.

“झोपली होती हो, काका.”

“मग आता एवढीच.”

ईडाला त्याचं काही नव्हतं. ती झगा दोन्ही हातांनी उचलून अंगणभर फिरली, दोन वाट्या पेज प्यायली आणि कोंबड्यांशी भांडली. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती दोन बोटं जळली आणि ईडा दोन बोटं उतरली. तिसऱ्या दिवशीही तेच. आवाज, दात, खोड्या, सगळं सात वर्षांचं होतं, उंची तेवढी नव्हती. ओडिला रोज सकाळी झग्याची कड कापायची. कापलेल्या पट्ट्या तिला टाकवत नव्हत्या, म्हणून त्या उशीत भरून ठेवायची.

चौथ्या दिवशी तिने चर्चमध्ये जाऊन ज्योत चिमटीत धरून विझवली. घरी पोचते तो ईडा भट्टीतल्या विटेसारखी तापलेली आणि डोळे पांढरे. ओडिला तशीच उलट पावली पळाली आणि तिने वात पुन्हा पेटवली. इकडे आड आणि तिकडे विहीर. आपण आपल्या हाताने हे करून बसलो, हे तिला त्या दिवशी कळलं आणि ती खूप रडली.

झऱ्याची बाई मात्र वाढत होती, रोज दोन बोटं. आठव्या दिवशी तिचं डोकं कोनाड्याच्या कमानीला टेकलं. बातमी खोऱ्यात पसरली. लंगडे, आंधळे, नवसकरी अशी माणसं चार-चार दिवस चालत येऊ लागली आणि ज्या गावात आठवड्याला एकदा भट्टी पेटायची, तिथे रोज ताजा पाव निघू लागला. शेजारणी ओडिलाला बाकावर जागा करून देऊ लागल्या, तिच्याकडे बघून हसू लागल्या. त्यांच्यापैकी दोघी कायम चर्चच्या दारात उभ्या असत. ज्योतीला वारा लागू नये म्हणून, असं त्या म्हणत. ओडिलाला त्या हसण्याची भीती वाटायला लागली.

ती चर्चमध्ये फादर कॉनराडकडे गेली.

“फादर, माप चुकलं माझं. पुन्हा मापू द्या.”

“नवस बोलून झालाय, ओडिला.”

“पोरगी संपेल हो माझी.”

“संपतेय कुठे? वर बघ.”

तिने वर बघितलं. बाईच्या लाकडी गुडघ्यावर एक पांढरी खूण होती. ईडाला शेळीने पाडलं होतं, तेव्हाची.

ईडा वीतभर उरली, तेव्हा ओडिला तिला पावाच्या टोपलीतून नेऊ लागली. “आई, मला मुंग्यांची पावलं वाजलेली ऐकू येतात,” ईडा म्हणायची, आणि ते खरंही असेल. टोपली घेऊन गेली त्या पहिल्याच दुपारी चर्चमध्ये गवंडी शिडीवर चढून कोनाड्याची कमान पुन्हा एकदा फोडत होता.

“किती वर घेऊ, फादर?”

“साडेतीन हात.”

ओडिलाने मनाशी हिशेब केला. टोपलीत वीतभर पोर होती, म्हणजे बाई आणखी वीतभरच वाढणार. वीतभर पोरीला साडेतीन हात कशाला लागतात? गवंड्याला हा प्रश्न पडला नाही. फादर तिच्याकडे बघत नव्हते. दारातल्या एकीने पुढे होऊन तिच्या बाहीवरची धूळ झटकली आणि तिला अदबीने वाट करून दिली. ओडिलाला संताप आला, मग हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचाच पुन्हा संताप आला.

ती थेट बेर्नोकडे गेली. “काका, मला मापा. आणि उभी मापा.”

“टाचा टेकव,” बेर्नो म्हणाला. त्याने सूत आधीच कापून ठेवलं होतं. ते तिला तंतोतंत बसलं.

थरावर थर चढवून मेणबत्ती व्हायला पाच दिवस लागले. तोवर ईडा दोन बोटं उरली. सहाव्या दिवशी भर दुपारी बेर्नोने जुन्या ज्योतीवर नवी वात धरली. ती पेटल्यावर जुनी विझवली आणि दोन बोटांचा तुकडा ओडिलाच्या हातावर ठेवला.

“ज्योत तीच आहे, ताप येणार नाही. पण हा तुकडा पुन्हा पेटवायचा नाही,” तो म्हणाला. “आणि वितळूही द्यायचा नाही.”

ओडिलाच्या तळहातावर ईडा उभी होती आणि शेजारी तिच्याएवढाच मेणाचा तुकडा. समोरची ज्योत सरळ जळत होती. कोनाडा वरपर्यंत मोकळा झाला होता.

“आई, तू खाली का बसतेयस?” ईडाने विचारलं.

ओडिला उभीच होती. तिच्या झग्याची कड फरशीला टेकली होती.

“आणि तुझा हात गरम लागतोय.”

ओडिलाने बघितलं. मेणाच्या कडेवर तिच्या तळहाताच्या रेषा उमटायला लागल्या होत्या आणि ईडा एका बाजूला कलली होती. थंड दगड शोधायला ती वळली, तर दारातल्या दोघी आणि त्यांच्यामागून बाकीच्या शेजारणी आत आल्या होत्या. त्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी हात पुढे केले.

“दे इकडे,” त्या म्हणाल्या. “आम्ही धरतो.”