पादनाथ महाराजांचा सुखतळा

रविवारी सकाळी साडेसहा वाजता पडेगावच्या एका चहाच्या टपरीसमोर एक बँक मॅनेजर एका पायावर उभा होता. हात आडवा पसरलेला, डोळे मिटलेले, अंगात घट्ट रंगीत जर्सी. पादनाथ महाराजांनी त्यांच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि मॅनेजर कोलमडले.

"बघा," महाराज म्हणाले. "भूमीनं धरलंच नाही."

मग त्यांनी मॅनेजरांच्या बुटात सोनेरी कापडानं मढवलेला सुखतळा सरकवला, बूट पुन्हा पायात चढवायला लावला आणि परत दोन बोटं टेकवली. मॅनेजर खांबासारखे उभे. महाराजांनी दात आवळले, कपाळाच्या शिरा फुगवल्या. मॅनेजर हलले नाहीत. दौलताबादच्या रस्त्याकडेला सायकली आडव्या टाकून थांबलेल्या पंचवीस-तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत दोन इंजिनिअर होते आणि एक दातांचा डॉक्टर.

"बुटाचा तळ कारखान्यातला," महाराज सांगू लागले. "पेडल कारखान्यातलं. खाली डांबर, तेही कारखान्यातलं. तीन मेल्या वस्तूंच्या मधी एक जिता पाय. तो ओरडणार नाही तर काय गाणं म्हणणार? हा सुखतळा गोदावरीच्या पात्रात अमावस्येला निजवलेला आहे. पायाला भूमी भेटवतो."

कोणत्या अमावस्येला, असं कोणी विचारलं नाही.

गर्दीच्या मागे केरबा मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, कारण त्याचे हात जोडलेले होते.

केरबाची वस्ती दौलताबादच्या पुढं. घरात थोडी मेंढरं, बाकी रोजानं काम. मुलगी सुकेशनी अकरावीत. लहानपणी मेंढरांमागं अनवाणी धावायची. आता सायकलवर धावत होती, आणि अशी की पुढच्या रविवारी बिडकीनच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर राज्य संघासाठी होणाऱ्या निवड चाचणीत तिचं नाव होतं. अडचण एकच. पेडलमध्ये खटकन अडकणारे शर्यतीचे बूट घातले की अर्ध्या तासात तिची बोटं जळायला लागत, आणि मग त्यांचा पत्ताच लागत नसे.

"आबा, बोटं गेली," ती म्हणायची.

बूट केरबानंच आणले होते. वस्तीवर बूट आणायची एक रीत आहे. पोराला बाजारात न्यायचं नाही; दिवस मोडतो. उंबऱ्यावर बसवायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची, तिथं गाठ मारायची आणि सुतळी घेऊन शहरात गुलमंडीच्या बाजारात जायचं. केरबाच्या बापानं त्याच्यासाठी असंच केलं होतं. त्यानंही तेच केलं. बूट गाठीशी तंतोतंत जुळला होता. तरी बोटं जातात, म्हणजे हे काम बुटाचं नाही, वरचं काहीतरी आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

महाराजांनी सुकेशनीकडं पाहिलं. ती बूट हातात धरून उभी होती, जशी तिथली निम्मी माणसं उभी होती.

"बाळ, तुझी करंगळी जळते."

केरबा पोरीकडं वळला. "पोरीनं सांगितलं नाय, म्या सांगितलं नाय. मग ह्यांना कसं कळलं?"

"आबा, समद्यांचीच जळती," सुकेशनी हळूच म्हणाली. "म्हणून तर आलेत इथं."

"गप गं."

महाराजांनी केरबाच्या हातात सुखतळा ठेवला आणि नियम सांगितले. समोरचा पट्टा सैल ठेवायचा. दोन मोजे घालायचे नाहीत, एकच. मधे मधे बूट काढून पाय जमिनीला लावायचे. आणि मनात शंका आणायची नाही; शंका आली की तळाचा गुण उतरतो.

सोमवारी सुकेशनी सुखतळा घालून बाहेर पडली. नियम तिनं सगळे पाळले, शंकेचा सोडून. दौलताबादच्या चढावरच तिची बोटं गेली. नेहमीपेक्षा लवकर.

"आबा, हा तळ जाड हाय. पाय वरून आवळतोय."

केरबानं महाराजांना फोन लावला. "जळणं वाढलं?" महाराज म्हणाले. "उत्तम. दोष बाहेर पडतोय."

बुधवारच्या सरावात दोष इतका बाहेर पडला की थांबताना तिला पाय पेडलमधून सोडवताच आला नाही. सायकलसकट ती रस्त्यावर आडवी झाली. कोपर सोलपटलं. मागून येणारा ट्रक वेळेवर वळला.

त्या रात्री केरबा जेवला नाही. सकाळी त्यानं मंजुषा मॅडमना फोन केला. मॅडम सुकेशनीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी याच रस्त्यावर सायकल चालवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "महाराज आज बसतात का?"

गुरुवारी ते बसत. गर्दी रविवारपेक्षा जास्त होती.

"महाराज, एक छोटा प्रयोग करू," मॅडम म्हणाल्या. "बोटं तुमची, बूट आमचा. आत तुमचा तळ आहे की साधा कागद, हे तुम्हाला सांगायचं नाही. भूमी ओळखेलच."

"परीक्षा शाळेत घ्या, ताई. देवाच्या डोळ्यांवर पट्टी बांधता?"

"देवाच्या नाही. तुमच्या."

टपरीवाल्याला ठसका लागला. महाराजांनी डोळे मिटले आणि ध्यानात गेले. ध्यान लांबलं.

मॅडम बँक मॅनेजरांकडं वळल्या. "साहेबराव, तुम्ही उभे राहता?"

साहेबराव तयारच होते. एका पायावर उभं राहायची त्यांना आता सवय झाली होती. मॅडम त्यांचा बूट घेऊन टपरीमागं गेल्या आणि परत आल्या. "महाराजांचाच तळ आहे," म्हणाल्या. दोन बोटं टेकवली, दाबलं. साहेबराव हलले नाहीत. लोकांनी महाराजांचा जयजयकार केला. मॅडम पुन्हा टपरीमागं जाऊन आल्या. "आता तळ काढलाय. नुसता पेपरचा कागद आहे." दोन बोटं. साहेबराव थेट दातांच्या डॉक्टरवर पडले.

"काढा बूट," मॅडम म्हणाल्या.

बुटातून सोनेरी सुखतळा निघाला.

"आणि पहिल्यांदा?" साहेबरावांनी विचारलं.

मॅडमनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. भज्यांचं तेल लागलेला.

"या खुदा," टपरीवाला म्हणाला. "भजी के कागज पे खड़ा कर दिये बँकवाले को!"

"तुम्ही बोटं बघता, दिशा बघत नाही," मॅडम म्हणाल्या. "हात खाली दाबता दाबता अंगाबाहेर ओढला की माणूस पडतो. तोच जोर अंगाकडं दिला की भार सरळ पायावर येतो आणि माणूस रोवल्यासारखा उभा राहतो. दिसायला दोन्ही सारखंच. करून बघा."

लोकांनी करून बघितलं. थोड्या वेळानं पडेगावच्या रस्त्यावर सगळे सायकलवाले एका पायावर उभे राहून एकमेकांना पाडत होते. महाराजांनी ध्यानातून उठून आज ग्रहमान बरं नसल्याचं जाहीर केलं आणि पिशवी आवरायला घेतली.

"पण मॅडम, माझी बोटं खरंच दुखायची थांबली," साहेबराव म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

"पट्टा सैल करायला कोणी सांगितलं?"

"महाराजांनी."

"दुसरा मोजा काढायला? मधे मधे बूट काढायला?"

"महाराजांनीच."

"बुटात जागा झाली, पायात रक्त फिरलं. तुम्हाला बरं केलं सैल पट्ट्यानं, हार घातला तळाला."

केरबा गर्दीतून पुढं आला. "मग माह्या पोरीला कामून नाय गुण आला? तिनं बी पट्टा सैल केला व्हता."

मॅडमनी पेपरचं एक पान जमिनीवर पसरलं. सुकेशनीला अनवाणी त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं पायाची कड काढली. मग त्या आकृतीवर बूट ठेवला. पेन्सिलीची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. करंगळीपाशी सगळ्यात जास्त.

केरबानं खिशातली सुतळी काढून बुटावर धरली. गाठ बरोबर टोकाला आली.

"लांबी तर बरोबर हाय की, मॅडम."

"लांबी बरोबरच आहे, काका. माप घेतलं तेव्हा ती बसली होती?"

"उंबऱ्यावर. सकाळी."

"उभं राहिलं की पाय पसरतो. तासभर सायकल चालवली की फुगतो. आणि हा पाय अनवाणी वाढलाय, मुळातच रुंद. त्यात महाराजांचा जाड तळ घातला, म्हणजे होती तीही जागा गेली."

केरबानं पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "सुतळी खोटं नाय बोलली," तो म्हणाला. "म्या तिला निम्मंच विचारलं."

"विचारायचं राहिलं तर पुन्हा विचारता येतं," मॅडम म्हणाल्या. "जिथं विचारूच देत नाहीत, तिथून पाय काढायचा. बूट चावला तर आधी बूट तपासावा. तरी बोटं बधिर राहिली तर डॉक्टर गाठावा. पायाला कळतं कुठं दुखतंय; त्याचं ऐकायला मध्ये महाराज कशाला?"

केरबानं सुतळी पेन्सिलीच्या आकृतीवर आडवी धरली आणि दुसरी गाठ मारली.

साहेबरावांकडं जुने बूट होते, पुढून रुंद. दोन्ही गाठी त्यात मावल्या. आत मॅडमनी तळव्याच्या कमानीला आधार देणारा पातळ सुखतळा बसवला आणि बुटाखालचा पेडलमध्ये अडकणारा तुकडा थोडा टाचेकडं सरकवला, म्हणजे सगळा भार बोटांच्या मुळाशी येणार नाही. शनिवारी सुकेशनी दौलताबादचा चढ चढून आली. केरबानं काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "करंगळी जराशी कुरकुरतीया."

रविवारी सकाळी बिडकीनला चाचणी झाली. सुकेशनी शेवटची रेषा ओलांडून थांबली, पाय खटकन सुटला, जमिनीला टेकला. केरबा धावत गेला.

"बोटं?"

तिनं तिथंच बूट काढला आणि बोटं हलवून दाखवली. "हायेत. मोज तू."

केरबानं मोजली.

पादनाथ महाराज आता फर्दापूरला बसतात. अजिंठ्याच्या पायऱ्या चढून आलेल्यांचे पाय तिथं रोज दुखतात. साहेबरावांनी सोनेरी सुखतळा बुटातून अजून काढलेला नाही. असू द्या, काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं आहे. निवड समितीनं संघ दोन दिवसांत जाहीर करू, असं सांगितलं होतं. हे लिहीपर्यंत तो जाहीर झालेला नाही.