पाचातले चार मुद्दे

“ताई, पावाच्या रांगंत गोळीबार झाला गं! माह्या डोळ्यासमोर!”

सम्यक, माझा धाकटा भाऊ, परदेशात एका कारखान्यात पंप मेकॅनिक आहे. देशाचं नाव सांगत नाही, कारण तो अजून तिथंच आहे. त्याचा फोन ऐकताना हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आई सरकत माझ्याजवळ येऊन बसली.

“लोकांनी दगडफेक केली का?” मी विचारलं. बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवणारी बाई दुसरं काय विचारणार!

“कशाची दगडफेक! एक म्हातारी पाव घेऊन निघाली व्हती. शिपायानं तिच्या हातातला पाव पाडला, बुटानं चिरडला, अन् म्हणला, वाकून उचल. ती वाकली, तशी अख्खी रांग त्याच्या अंगावर गेली. तीन वर्षं भाव वाढले, पगार थकले, पेपर बंद झाले, तवा कोणी हूं की चूं केलं नव्हतं, ताई...”

फोन तुटला. पुन्हा लावला तर बंद. ‘मिळेल त्या विमानानं निघ’ एवढा मेसेज टाकला.

गेल्याच महिन्यात त्यानं विचारलं होतं, “ताई, येऊ का परत? तिकीट भेटू राहिलं.” आणि मी शहाणीनं काय करावं? औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये दरवर्षी ‘हुकूमशाहीतील जनक्षोभाची कारणे’ लिहून देते, ते उत्तर त्याच्याकडून फोनवर तपासून घेतलं. महागाई? आहे. बेकारी? आहे. भ्रष्टाचार? लई. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी? आहे. सैन्यात फूट? नाय.

“मग पाचातले चारच झाले. कंत्राट पुरं करून ये. काही होत नाही,” मी वर हसलेही होते. पेपर तपासताना एक गुण कापावा, तितक्या सहज मी त्याला तिथं ठेवलं.

“आई, नोट्समध्ये हे नव्हतंच गं,” मी रडत म्हणाले.

आई चौथी शिकलेली.

“तुह्या आज्यानं धर्म बदलला, तो काय महागाईनं?”

ज्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, त्यांची मी नात. अपमान हे कारण मला बावीस वर्षांत आठवलं नाही, याची भयंकर लाज वाटली.

घरात बसवेना, म्हणून दुपारी क्लासला गेले. नेमकं तेच उत्तर अर्धवट राहिलं होतं.

“मॅडम, सैन्यातली फूट लिहून झाली,” पहिल्या बाकावरची प्रेरणा म्हणाली. “पुढचा प्रश्न घ्यायचा?”

“सहावा मुद्दा लिहा. म्हातारीला वाकून पाव उचलायला लावला.”

प्रेरणानं पेन खाली ठेवलं.

“मॅडम, हे पुस्तकात नाय. मार्क भेटतील याचे?”

“नाही.”

प्रेरणानं क्षणभर माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागली. मग बाकीच्यांनीही लिहिलं. मी टेबलावरचा फोन उचलला. सकाळच्या मेसेजपुढं अजून एकच टिक होती.