शिळ्या पाण्याची बादली

पंचफुलाबाईंनी बादलीवरचं झाकण काढलं, आत डोकावून नाक मुरडलं आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. दोन दिवसांचं शिळं पाणी. मौद्याजवळच्या त्यांच्या घरी पहाटे आधी कालचं पाणी सांडायचं, मग ताजं भरायचं. गाईबैलांपुढेही शिळं ठेवलेलं त्यांच्या सासूला खपत नसे. नळ आलेलेच होते. त्यांनी बादली घासली, काठोकाठ भरली आणि होती तिथे, माशांच्या टाकीशेजारी ठेवून दिली. उद्या गावी परतायच्या आधी लेकाचं एक काम हलकं केलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

माशांचं वेड लेकाचं, साहिलचं. बोटाएवढे सिक्लिड, एक नर, एक मादी. एरवी बाईंनी त्याला रिकामे धंदे म्हणून चार शब्द सुनावले असते. पण महिन्यापूर्वी धंतोलीच्या दवाखान्यात सुनेचं पाचव्या महिन्यातलं मूल गेलं. तेव्हापासून अपेक्षा भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. वाढलेलं ताट तसंच्या तसं परत येई. आठवड्यापूर्वी मादी पिवळीधमक झाली, टाकीतल्या नारळाच्या नरोटीआडून सुईच्या टोकाएवढी पिल्लं घेऊन बाहेर आली, आणि साहिलने बायकोला हाताला धरून टाकीपुढे बसवलं. त्या दिवशी अपेक्षाने अर्धी पोळी खाल्ली. काल तर तिने वेणी घातली. पिल्लांजवळ नर फिरकला की मादी त्याच्यावर धावून जाई, आणि अपेक्षाचे ओठ किंचित हलत. ते पाहून पंचफुलाबाईंच्या जीवात जीव आला होता. म्हणून तर त्यांनी पिशवी भरली.

साहिलला सातला बुटीबोरीची बस गाठायची असे. घाईघाईत त्याने टाकीतलं थोडं पाणी नळीने काढलं, बादली ओतली आणि डबा उचलून निघून गेला.

नऊच्या सुमारास बाई टाकीची काच पुसायला गेल्या. मादी वाळूवर आडवी पडली होती, तिचे कल्ले भराभर हलत होते. पिल्लं तळाशी बसली होती, धूळ बसावी तशी. त्यांनी फोन लावला.  साहिलने सांगितलं की नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जावं म्हणून तो बादली दोन दिवस ठेवायचा. आता हवेची नळी जोरात सोड, मादी तरी वाचेल.

"तुले सांगून ठेवाले पाहिजे होतं मी," एवढंच तो शेवटी म्हणाला.

बाईंनी हवेची नळी जोरात सोडली. पोटातलं गेलं ते देवाने नेलं म्हणता तरी येत होतं. हे तर आपल्याच हाताने झालं, आणि आता सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात अपेक्षाच दारात येऊन उभी राहिली. केस मोकळे होते.

"माह्या हातानं झालं वं पोरी. ते पाणी मी फेकलं."

"मले माहीत आहे, आई."

बादली दोन दिवस का ठेवतात ते तिला ठाऊक होतं, आणि पहाटे ती जागीच होती. पाणी ओतल्याचा आवाज तिला आला होता, मग नळाचाही. खोलीचं दार उघडंच असल्यामुळे साहिल बादली उचलताना दिसलाही होता.

"मग बोलली काहून नाही?"



"सांगायचं होतं. तोंडच उघडलं नाही. मी पडूनच राहिली."

पंचफुलाबाईंनी दाराजवळच्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. अर्धी पोळी आणि एक वेणी, एवढ्या भरवशावर आपण गावी निघालो होतो. पोर बरी होते आहे असं आपणच धरून चाललो होतो. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

दुपारपर्यंत मादी सावरली; पिल्लू एकही उरलं नाही. रंग अजून पिवळाच होता. नर जवळ आला की ती त्या रिकाम्या कोपऱ्यातून त्याच्यावर धावून जात होती, आणि अपेक्षा पलंगावरून ते एकटक पाहत होती.

बाई उठल्या. दाराजवळची पिशवी उघडून त्यांनी वरचं लुगडं काढलं, त्याची घडी मोडली आणि ते टाकीवर पांघरलं. बाकीची लुगडी कपाटात ठेवली. मग तेलाची वाटी घेऊन सुनेच्या मागे जाऊन बसल्या.