बुधवारची अर्धी वाटी

हेमाताईंच्या घरात गोडाला बंदी नव्हती, शिस्त होती. त्यांची आणि यजमानांची, विश्रामरावांची, दोघांचीही साखर काठावर आल्याचे कळले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गोड बंदच करा. त्यावर हेमाताईंनी त्यांना ऐकवले होते, "बंद केलेलं दार माणूस चोरून उघडतो, डॉक्टर. ते मी बघते." आणि त्यांनी बघितले. सणवार वेगळे, एरवी आठवड्यातून फक्त बुधवारी, दुपारच्या जेवणातच गोड. त्या दिवशी पानात भाताची मूद नाही. आणि दोघांत मिळून एकच वाटी.

खोपटच्या त्या घरात हा नियम वर्षानुवर्षे चालला. दुधीहलवा असो की शिरा, विश्रामराव चमच्याच्या कडेने वाटीत मधोमध रेघ ओढत, आपला अर्धा भाग खाऊन वाटीची कड खरवडत आणि उरलेला भाग सरळ भिंतीसारखा उभा ठेवून वाटी पुढे सरकवत. हेमाताईंचे खाणे सावकाश. विश्रामरावांचा हात वाळून जाई, पण ते पाटावरून, पुढे गुडघे धरल्यावर खुर्चीवरून, कधी आधी उठले नाहीत. "तुझं होऊ दे. मग उठतो," म्हणत.

विश्रामराव गेले, तेव्हा दहाव्याला खडवलीला नदीकाठी पिंडाला कावळा शिवला नाही. मुलाने, शौनकने, आईला सांभाळण्याचे वचन दिले. सुनेने, ऋजुताने, नातीच्या शिक्षणाचे दिले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे मान खाली घालून घरी परतले.

हेमाताईंनी त्या दिवसापासून गोड सोडले. बुधवार मात्र ऋजुताने सोडला नाही.

"आई, थोडं तरी घ्या. तुमचाच प्लॅन आहे ना? अगदीच बंद केलंत तर उद्या गणपतीत मोदकांवर तुटून पडाल."

"मी? तुटून पडेन? या घरात तुटून पडणारं माणूस तुझ्या नवऱ्याखेरीज जन्माला आलेलं नाही. झाकून ठेव ती वाटी."

वाटी जाळीच्या झाकणाखाली राहिली. दुपारच्या चहाला हेमाताईंनी झाकण उचलले, तर दुधीहलवा अर्धा होता. उरलेला अर्धा सरळ कापल्यासारखा उभा.

त्यांनी आधी नातीला धरले. "सान्वी, खरं सांग."

"आजी! मी आणि दुधी? काहीही काय! मला पैसे दिलेस तरी नाही खाणार."

शौनक कचेरीत होता. ऋजुता आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून साहेबाशी बोलत होती. पुढच्या बुधवारी हेमाताई स्वतः वाटीसमोर खुर्ची घेऊन बसल्या. समोरच्या डेपोतून एक एसटी कर्णा वाजवीत बाहेर पडली. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, तेवढ्यात पाठीमागे वाटीची कड खरवडल्याचा आवाज आला. त्या हळूच वळल्या. झाकण जागच्या जागी होते. शिऱ्यात रेघ ओढलेली होती, आणि रेघेपलीकडचा भाग संपलेला होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीची गादी किंचित दबलेली होती.

आरडाओरडा करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी उरलेला शिरा मुकाट्याने कामवाल्या सखुबाईला दिला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बुधवार येत राहिले, रेघ उमटत राहिली. हेमाताई बुधवारी ठेवणीतले पातळ नेसू लागल्या.

वर्षश्राद्धाला इमारतीच्या गच्चीवर पान ठेवले. खीर, वडे, सगळे साग्रसंगीत. एक म्हातारासा कावळा टाकीवरून कठड्यावर उतरला, पानाजवळ आला आणि थांबला. चोच लावीना, उडून जाईना.

"बाबा, आईला काही कमी पडू देणार नाही," शौनक म्हणाला. कावळा हलला नाही.

गुरुजी हेमाताईंकडे वळले. "काकू, आता तुम्हीच बोला. त्यांचा जीव कशात अडकलाय, ते तुम्हाला ठाऊक असणार."

"बोला ना, आई," ऋजुता कुजबुजली. "मोकळे होतील हो ते."

हेमाताईंना ठाऊक होते. एकच वाक्य होते: माझा वाटा मी खाईन. ते ओठांशी आलेही. पण हेमाताईंचे खाऊन झाले, की विश्रामराव उठणार होते. वर्षभर खुर्ची न सोडता बसलेला तो माणूस हात धुऊन निघून जाणार होता, आणि मग समोरची गादी कधीच दबणार नव्हती. कावळा मान वाकडी करून त्यांच्याकडेच पाहत होता. हेमाताईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

"अगं आई, थोडं थांबून तरी..."

"शौनक, उन्हात पोर उभी आहे. करा म्हटलं ना, गुरुजी."

गुरुजींनी केला. खरा कावळा ते सगळे होईपर्यंत कठड्यावरच बसून होता.

दुसऱ्या दिवशी बुधवार. ऋजुताने गाजरहलव्याची वाटी ठेवली आणि ती आत गेली. हेमाताई बसल्या. खरवडण्याचा आवाज आला, पण आज तो फार हळू होता, मध्येच थांबत होता. त्यांनी पाहिले. रेघ आज वाकडी होती, बसून बसून अवघडलेल्या हाताने ओढल्यासारखी. वाटी मात्र नेहमीसारखी त्यांच्याकडे सरकली, थांबली, आणि पुन्हा थोडी सरकली. थेट त्यांच्या बोटांना येऊन लागली.

हेमाताईंचा हात चमच्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बसा," त्या समोरच्या खुर्चीला म्हणाल्या. "माझं अजून व्हायचंय."