खिशातली थरथर
सहाव्यांदा लावलेला फोनही वाजून वाजून बंद पडला आणि माझं डोकं फिरलं. बाबांना कमी ऐकू येतं, घंटी कळत नाही, हे मान्य. पण शर्टाच्या खिशात फोन थरथरला की ते लगेच उचलायचे. म्हणून तर आमच्याच कंपनीचा फोन दिला होता. ती थरथर माझ्याच हातची. फोनमधली दाण्याएवढी मोटर कधी, किती वेळ फिरवायची, असले बारीकसारीक प्रोग्राम मी बावीस वर्षं सी भाषेत लिहितो आहे. घरात अजून कुणाला माझं काम धड सांगता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तणतणत घरी गेलो. फोन बाबांच्या खिशातच होता.

"खिशात असून कळत नाही?" मी ओरडलोच.

बाबा खाली बघत म्हणाले, "महिना झाला रे. छातीच बधिर झालीय बहुतेक. वय झालं, दुसरं काय. तुझ्या ताईला सांगू नकोस, उगाच घाबरेल."

मी तो फोन माझ्या खिशात घातला आणि त्यावर फोन लावला. मलाही जेमतेमच कळलं.

महिन्यापूर्वी बॅटरी वाचवा म्हणून साहेब हात धुऊन मागे लागले होते. मी एकेका थरथरीचे आठशे मिलिसेकंद दोनशेवर आणले. चाचणी नेहमीसारखी टेबलावर. टेबलावर दोनशेतही खडखडाट होतो, आम्ही पास करून मोकळे. नवा प्रोग्राम सगळ्यात आधी बाबांच्या फोनमध्ये घातला, तोही मोठ्या कौतुकाने. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "तक्रार एकच आहे ना?"

"ज्यांना फोन आलेलाच कळत नाही, ते तक्रार कशाची करणार?"

"बघू," म्हणाले. त्यांचं 'बघू' मला पाठ आहे.

संध्याकाळी निदान बाबांच्या फोनमध्ये जुना आकडा परत घातला. चूक माझी होती, तुमची छाती ठणठणीत आहे, असं चारदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, मन राखायला हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी फोन केला, पहिल्याच घंटीला उचलला. जीव भांड्यात पडला.

घरी आलो तर बायको हळूच म्हणाली, "कालपासून बाबांनी फोन हातातून खाली ठेवलेला नाही."

बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. फोन मुठीत घट्ट धरलेला होता आणि शर्टाचा खिसा रिकामा होता.